पडदा काळा, खाते उघडे

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २७ लाख ७२ हजार लोक. यांतल्या बहुतेकांच्या घरी स्वतःचा संगणक नाही, तरीही संगणकावाचून वर्ष निघाले असे घर आता वणीपासून उमरखेडपर्यंत शोधावे लागेल. निकाल लागले की उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासी दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर काढायला मुले सेतूत रांग लावतात. पेरणी झाली की पीक विम्याचा अर्ज असतो. सातबारा लागतो, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी लागते. २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज आले, २०२५ मध्ये त्याच योजनेची ई-केवायसी आली. त्याच वर्षी हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी करणे आले.

ही सगळी कामे महा-ई-सेवा केंद्रात, तहसीलच्या सेतूत, ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रात किंवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात होतात. विद्यार्थ्यांसाठी त्यात एमएस-सीआयटीची लॅब, महाविद्यालयाचे ग्रंथालय आणि अभ्यासिकेतला एखादा संगणक धरायचा. एकाच खुर्चीवर दिवसभरात कितीतरी माणसे बसून उठतात. प्रत्येकाचे आधार, बँक पासबुक, गुणपत्रिका आणि मोबाइलवर आलेला ओटीपी त्याच पडद्यासमोर उघड होतो.

या प्रकरणात त्या पडद्यावरच्या एका दुर्लक्षित गोष्टीविषयी बोलायचे आहे: स्क्रीनसेव्हर. घरच्या संगणकावर तो असला काय, नसला काय, फारसे बिघडत नाही. अनेकांनी वापरायच्या संगणकावर मात्र तो नीट लावला तर माणसाला वाचवतो, आणि अर्धवट लावला तर फसवतो.

काच जळू नये म्हणून

स्क्रीनसेव्हरचा जन्म काच वाचवण्यासाठी झाला. जुने संगणक आणि जुने टीव्ही यांचे पडदे म्हणजे पोटात पोकळी असलेल्या जाड काचेच्या नळ्या असत. नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटे. तो पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला दिलेल्या फॉस्फरच्या लेपावर आदळला की लेप चमकून उठे. हा लेप वापराने झिजतो. पडद्यावर एकच चित्र किंवा एकच मजकूर तासन्‌तास उभा राहिला, तर तेवढ्याच जागचा लेप जास्त झिजतो आणि संगणक बंद केल्यावरही काचेवर त्या अक्षरांची फिकट छाया दिसत राहते. बँकेतल्या आणि रेल्वे स्थानकावरच्या जुन्या पडद्यांवर अशी कायमची उमटलेली अक्षरे अनेकांनी पाहिली असतील.

यावर उपाय साधा होता: कोणी काम करत नसेल तेव्हा पडदा काळा करायचा. अटारी कंपनीच्या १९७९ च्या घरगुती संगणकांत काही मिनिटे कळ दाबली नाही की पडद्याचे रंग आपोआप बदलत राहण्याची सोय होती. आयबीएमच्या पीसीसाठी जॉन सोचा यांनी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम डिसेंबर १९८३ मध्ये ‘सॉफ्टॉक’ या मासिकात छापून आला. तीन मिनिटे कळफलकाला हात लागला नाही की तो पडदा काळा करी. नाव होते ‘स्क्रीन सेव्ह’. काळ्या पडद्याची जागा पुढे चित्रांनी घेतली. १९८९ मध्ये बर्कली सिस्टिम्स कंपनीने आणलेल्या ‘आफ्टर डार्क’मधले पंख फुटून उडणारे टोस्टर जगभर गाजले. विंडोजबरोबर तारांगण, रंगीत रेषा, वाढत जाणारे नळ आणि विटांचा भुलभुलैया आला.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांनी संगणक पाहिला तो याच काळात. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचे वर्ग पुसद, दारव्हा, दिग्रस, पांढरकवडा अशा गावांपर्यंत पोचले. लॅबमध्ये ओळीने मांडलेल्या जाड पडद्यांवर संस्थेचे नाव उजवीकडून डावीकडे सरकत जाई. ते नाव सरकवणारा ‘मार्की’ हाही स्क्रीनसेव्हरच. ज्यांनी तेव्हा पहिल्यांदा माऊस हातात धरला, त्यांच्या मनात एक समजूत मात्र घट्ट बसली: संगणक रिकामा झाला की त्याच्यावर चित्र फिरू लागते. ती समजूत आजही आहे आणि सामायिक संगणकावरच्या बऱ्याच घोटाळ्यांचे मूळ तीच आहे.

काच बदलली, काम बदलले

आजचे सपाट एलसीडी पडदे वेगळ्या तत्त्वावर चालतात. मागे दिवा असतो आणि पुढचे द्रवस्फटिक त्याचा उजेड अडवतात किंवा सोडतात. त्यात झिजणारा फॉस्फरचा लेप नसतो. फार वेळ एकच चित्र राहिले तर कधी पुसटशी छाया उरते, पण ती बहुधा निघून जाते. ओएलईडी पडद्यांत चित्र कायमचे उमटण्याचा धोका अजून आहे. ते महाग मोबाइलांत आणि टीव्हींत असतात. सेवा केंद्राच्या टेबलावर क्वचितच. काचेसाठी म्हणाल तर केंद्रातल्या संगणकाला स्क्रीनसेव्हरची गरज उरलेली नाही. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत तो मुळात बंदच असतो.

पण या जुन्या सोयीत दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत आणि त्या आजही मोलाच्या आहेत. पहिली, खुर्ची रिकामी झाल्याचे संगणकाला स्वतःहून कळते, कारण तो कळफलक आणि माऊस यांच्या हालचालीवर घड्याळ लावून असतो. दुसरी, ते घड्याळ संपले की संगणक कुलूपबंद करता येतो. विंडोज ९५ च्या काळात स्क्रीनसेव्हरचा पासवर्ड नावापुरता होता; संगणक बंद करून पुन्हा चालू केला की ते संरक्षण गळून पडे. आताचे कुलूप खरे आहे. सेव्हर थांबला की विंडोज पुन्हा प्रवेशाच्या पानावर येते आणि पासवर्ड किंवा पिन दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

हे कुलूप आपोआप लागत नाही, आणि घोळ इथेच आहे. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात लॉक स्क्रीन, त्यात स्क्रीनसेव्हर अशी वाट आहे. तिथे उघडणाऱ्या छोट्या चौकटीत सेव्हर निवडता येतो, शेजारी ‘वेट’ म्हणजे किती मिनिटांनी सुरू व्हायचे तो आकडा असतो आणि त्याच्या बाजूला एक लहान चौकोन: ‘ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन’. त्या चौकोनात खूण केली तरच परतताना पासवर्ड विचारला जातो. खूण नसेल तर सेव्हर म्हणजे नुसते चित्र. माऊस हलवला की आधीच्या माणसाचे सगळे जसेच्या तसे समोर.

पाच आणि दहा मिनिटांमधली फट

संगणकाचा पडदा निरनिराळ्या कारणांनी काळा होतो आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात. वीज वाचवण्यासाठी फक्त पडदा बंद झालेला असतो. कधी काळ्या रंगाचा सेव्हर चालू असतो. कधी संगणक झोपेत गेलेला असतो, कधी खरोखर बंद केलेला. समोर बसलेल्या माणसाला यातला फरक कळायला मार्ग नाही. पण त्याच्या खात्याचे काय होणार हे त्या फरकावरच ठरते.

एक नेहमी दिसणारी मांडणी पाहा. वीज वाचावी म्हणून पडदा पाच मिनिटांनी बंद होईल असे लावलेले आहे. सुरक्षेसाठी सेव्हर दहा मिनिटांवर, पासवर्डच्या खुणेसह. दोन्ही गोष्टी केल्या म्हणून केंद्रचालक निश्चिंत. आता पाचव्या मिनिटाला पडदा काळा होतो, पण कुलूप दहाव्या मिनिटाला लागणार आहे. मधली पाच मिनिटे संगणक बंद असल्यासारखा दिसतो आणि पूर्ण उघडा असतो. सातव्या मिनिटाला कोणी माऊसला धक्का दिला तर पासवर्ड न विचारता मागचे सगळे दिसू लागते. उपाय सोपा आहे: कुलपाचा आकडा पडदा बंद होण्याच्या आकड्याहून लहान ठेवायचा. कुलूप दोन मिनिटांवर, पडदा पाच मिनिटांवर. क्रम उलटला की सगळी मेहनत वाया.

दुसरी गल्लत याहून सार्वत्रिक आहे. पडद्यावर चित्र फिरू लागले म्हणजे आपले काम बंद झाले, असे लोक धरून चालतात. सेव्हर काहीही बंद करत नाही. ई-मेलचे पान उघडे राहते. ब्राउझर मिटला तरी जीमेलमधून आपण बाहेर पडलेलो नसतो. तोच ब्राउझर पुन्हा उघडला की मेल समोर येते. प्रिंट काढण्यासाठी दुकानातल्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब जोडले, प्रिंट घेतली आणि माणूस गावी गेला, तरी त्याच्या गप्पा त्या संगणकावर दिसत राहू शकतात. बँकांची संकेतस्थळे काही मिनिटांनी स्वतःहून बाहेर काढतात, पण ती त्या संकेतस्थळाची व्यवस्था आहे, सेव्हरची नव्हे. पडदा पडला म्हणून नाटक संपले असे होत नाही. बाहेर पडण्याची कळ आपल्यालाच दाबावी लागते.

एक खुर्ची चालकाची, एक खुर्ची सगळ्यांची

सामायिक संगणक दोन तऱ्हेचे असतात आणि दोघांना एकच औषध लागू पडत नाही. हे ध्यानात न घेता दिलेला सल्ला निरुपयोगी ठरतो.

पहिली तऱ्हा सेवा केंद्रातली. इथे कळफलकावर हात एकाच माणसाचा, केंद्रचालकाचा. माहिती मात्र शंभरजणांची. त्याच्या संगणकावर शासनाच्या पोर्टलचे त्याला मिळालेले लॉगिन उघडे असते. तो झेरॉक्स काढायला उठतो, नेट गेले म्हणून राउटरकडे जातो, चहा घ्यायला बाहेर जातो. टेबलाभोवती रांगेतली माणसे उभीच असतात. या संगणकाला पासवर्डचे कुलूप हवे आणि ते लवकर लागणारे हवे. अडचण अशी की अर्जदार पिशवीतून कागद शोधत असतो तेवढ्यात दोन मिनिटे उलटतात, कुलूप लागते, मोठा पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो आणि रांग खोळंबते. दोन-तीनदा असे झाले की चालक वैतागून सेव्हर काढूनच टाकतो. म्हणून अशा ठिकाणी विंडोजचा सहा आकडी पिन लावावा. तो सेकंदात टाकता येतो आणि काम अडत नाही. पिन १२३४५६ किंवा जन्मतारीख नसावा आणि तो कळफलकाच्या खाली चिकटवलेला नसावा, एवढे पथ्य पुरे. आणखी चांगली सवय म्हणजे सेव्हरची वाट न पाहणे. खुर्चीवरून उठताना विंडोजची कळ आणि ‘एल’ एकदम दाबले की त्याच क्षणी कुलूप लागते. उठणे आणि हे दोन बोटांचे काम हाताला एकदमच करायची सवय लागली पाहिजे. सेव्हर हा विसरलेल्या दिवसाचा आधार.

दुसरी तऱ्हा ग्रंथालय, अभ्यासिका, लॅब आणि सायबर कॅफे यांची. इथे हात बदलत जातात आणि विंडोजचे लॉगिन मात्र एकच असते, बहुधा ‘यूजर’ किंवा ‘स्टुडंट’ नावाचे. इथे पासवर्डचे कुलूप लावले तर दोनपैकी एक होते. पासवर्ड फक्त ग्रंथपालाला माहीत असेल तर प्रत्येक वेळी त्याला बोलवावे लागते. पासवर्ड सगळ्यांना सांगितला तर कुलूप असून नसल्यासारखे, कारण पुढचा माणूस तोच पासवर्ड टाकून आधीच्याच्या खात्यात जातो. इथे कुलूप कामाचे नाही; झाडून पुसून मोकळे करणारी व्यवस्था हवी. विंडोजच्या प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांत ‘असाइन्ड ॲक्सेस’ नावाची सोय आहे. तीत फक्त एज ब्राउझर उघडतो, तोही खासगी पद्धतीने, आणि ठरावीक मिनिटे हात थांबला की ब्राउझरमधले सगळे पुसून तो पुन्हा पहिल्या पानावर येतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. लॅबसाठी संगणक पुन्हा चालू केला की सगळे पूर्ववत करणारी सॉफ्टवेअर मिळतात. यांपैकी काहीच जमत नसेल तर निदान प्रत्येक विद्यार्थ्याने उठताना ‘साइन आऊट’ करायचे आणि ब्राउझर बंद होताना इतिहास पुसला जाईल अशी मांडणी करायची.

या दुसऱ्या तऱ्हेच्या संगणकावर पासवर्ड नसलेला सुंदर सेव्हर लावणे सर्वांत वाईट. तो आधीच्या मुलीचे उघडे खाते चित्राआड झाकतो, तिला वाटते बंद झाले, आणि पुढच्या मुलाने माऊस हलवला की तिचा प्रवेश अर्ज त्याच्या पुढ्यात. अर्जातला पसंतीक्रम बदलायला एक मिनिटही लागत नाही.

पिक्चर्स फोल्डरची मिरवणूक

विंडोजमध्ये ‘फोटोज’ नावाचा एक सेव्हर आहे. दिसायला निरागस: संगणकातले फोटो एकामागून एक दाखवतो. घरी मुलाबाळांचे फोटो पाहायला छान. तो फोटो कुठून घेतो? वेगळे काही सांगितले नाही तर ‘पिक्चर्स’ या फोल्डरातून.

आता सेवा केंद्रातल्या संगणकावर हे फोल्डर उघडून पाहा. मायक्रोसॉफ्टचे ‘स्कॅन’ ॲप स्कॅन केलेला कागद तिथेच ‘स्कॅन्स’ नावाच्या फोल्डरात ठेवते. विंडोजची कळ आणि प्रिंट स्क्रीन दाबून काढलेली पडद्याची छायाचित्रे तिथेच ‘स्क्रीनशॉट्स’मध्ये जातात. अर्जाला जोडायचे पासपोर्ट आकाराचे फोटो, आधारच्या दोन्ही बाजू, रेशनकार्डाचे पहिले पान, बँक पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, निराधार योजनेसाठी आणलेला पतीच्या मृत्यूचा दाखला: महिनोन्‌महिने सगळे तिथे साचत जाते. हा सेव्हर लावला की तेच कागद रांगेतल्या माणसांसमोर एकेक करून पडद्यावर येऊ लागतात. खेड्यात रांगेतली माणसे एकमेकांना ओळखतात. कोणाचे उत्पन्न किती दाखवले, कोणाच्या खात्यात किती शिल्लक, कोणाची मुलगी कोणत्या गटातून अर्ज भरते आहे, हे गावाला कळायला एवढे पुरते. चोरी करणारा हॅकर इथे कोणी नसतो. झालेले नुकसान मात्र भरून येत नाही.

म्हणून दोन गोष्टी. स्कॅनसाठी पिक्चर्सबाहेर वेगळे फोल्डर करावे आणि काम झालेल्या फायली रोज संध्याकाळी काढून टाकाव्यात, रिसायकल बिनमधूनही. ई-आधारच्या फायलीबाबत तर विशेष जपावे. ती पासवर्डने बंद असते खरी, पण तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मसाल. फोल्डरातल्या दुसऱ्या कागदावर नाव आणि जन्मतारीख दोन्ही असतील, तर ते कुलूप उघडायला काय लागते? जिथे पूर्ण क्रमांकाची सक्ती नसेल तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे.

तोच पडदा फलक म्हणून

‘फोटोज’ सेव्हरची हीच खोड उपयोगाची करता येते. त्याला पिक्चर्स सोडून दुसरे फोल्डर दाखवता येते. त्या फोल्डरात आपण तयार केलेली पाच-सहा चित्रे ठेवा, मोठ्या मराठी अक्षरांत: उत्पन्नाच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, जातीच्या दाखल्याला कोणते, कोणत्या सेवेचे शुल्क किती, दाखला किती दिवसांत मिळायला हवा, मिळाला नाही तर अपील कोणाकडे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवा, शुल्क, मुदत आणि अपील अधिकारी यांची माहिती फलकावर लावणे बंधनकारकच आहे. कार्यालयाच्या भिंतीवरचा फलक कधी कपाटामागे जातो, कधी त्यावरची अक्षरे उडतात. रांगेतला माणूस ज्या पडद्याकडे तासभर पाहत उभा असतो, त्याच पडद्यावर ती माहिती आली तर घाटंजी किंवा झरी जामणीच्या आडगावातून आलेल्या माणसाची एक फेरी वाचेल. पुढचा माणूस कागद हातात तयार ठेवील, चालकाचाही वेळ वाचेल. कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या वस्तीजवळच्या केंद्रात एखादे चित्र त्या बोलीत करता येईल. यासाठी लागतो तो एक रविवार आणि मराठी टंकलेखन येणारा एक तरुण.

मात्र फलक दाखवतानाही पासवर्डची खूण हवीच. चित्र बाहेरच्यांसाठी, कुलूप आतल्या माहितीसाठी.

विजेचा हिशेब आणि फुकटचे सेव्हर

सेव्हरने वीज वाचते हा गैरसमज आहे. पडदा चालूच असतो, मागचा दिवा जळतच असतो आणि नळ-भुलभुलैयासारखी त्रिमितीय चित्रे काढताना संगणकाचा मेंदूही राबत असतो. लहान एलसीडी पडद्याला ढोबळमानाने २० वॅट लागतात असे धरा. दहा पडद्यांची लॅब दिवसात तीन तास रिकामी असेल आणि पडदे चालू राहिले, तर रोज ०.६ युनिट आणि कामाच्या ३०० दिवसांत १८० युनिट जातात. पडदाच बंद झाला तर ही वीज जवळजवळ पूर्ण वाचते. लाइट गेल्यावर यूपीएसही तेवढाच जास्त टिकतो, आणि यवतमाळच्या उन्हाळ्यात ती मिनिटे मोलाची असतात. अर्ज ‘सबमिट’ होण्याआधी यूपीएस बसला तर सगळे पहिल्यापासून. म्हणून फलकाची चित्रे गर्दीच्या वेळी, दर्शनी संगणकावर. बाकीच्यांना कुलूप आणि मग काळा पडदा.

इंटरनेटवर फुकट मिळणारे देवादिकांचे, धबधब्यांचे, घड्याळांचे सेव्हर सामायिक संगणकावर घेऊ नयेत. सेव्हर चित्रासारखा दिसला तरी तो संपूर्ण प्रोग्रॅम असतो आणि इतर कोणत्याही प्रोग्रॅमइतकीच मोकळीक त्याला मिळते. फायलीच्या नावाअखेरीस ‘डॉट एससीआर’ असेल तर ती फाईल म्हणजे सेव्हर. विंडोज फायलींची ओळखीची शेपटी लपवते, याचा फायदा घेऊन फोटोच्या नावाने असा प्रोग्रॅम पाठवण्याची युक्ती जुनी आहे. पेनड्राइव्हमधून आलेला फोटो उघडताना शेपटी पाहायची सवय म्हणूनच हवी. आणि संगणकात कळा टिपून घेणारा चोरटा प्रोग्रॅम आधीच बसला असेल, तर कुठलाही सेव्हर वाचवू शकत नाही. त्यासाठी अँटिव्हायरस, वेळच्या वेळी अपडेट आणि चालकाचे रोजचे काम प्रशासक खात्यातून न करणे, हेच उपाय.

लॉगिनची किंमत

एका लॉगिनने काय होऊ शकते, हे यवतमाळ जिल्ह्याने नुकतेच पाहिले. २०२५ च्या अखेरीस आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी या सुमारे दीड हजार वस्तीच्या गावाच्या नावावर, जन्म-मृत्यूच्या शासकीय ऑनलाइन प्रणालीत अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले आणि पोलीस तपास सुरू झाला. या प्रकाराचा स्क्रीनसेव्हरशी संबंध जोडणे चूक ठरेल. पण ग्रामपंचायतीच्या एका प्रवेशनावामागे किती मोठा अधिकार असतो, हे त्याने सगळ्यांना दाखवले. जो संगणक असे लॉगिन बाळगतो, तो रिकाम्या खुर्चीपुढे उघडा राहणे परवडणारे नाही.

कायद्याची चौकटही आहे. सायबर कॅफेंसाठीच्या २०११ च्या नियमांनुसार ग्राहकाची ओळख पटवून, कोणता संगणक, केव्हा लॉगिन आणि केव्हा लॉगआऊट, याची नोंद ठेवावी लागते आणि ती किमान एक वर्ष जपावी लागते. कप्प्यांच्या भिंती साडेचार फुटांहून उंच चालत नाहीत. कप्प्याबाहेरच्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून ठेवावे लागतात. म्हणजे कॅफेत पडदा इतरांना दिसणार हे नियमातच धरलेले आहे. उठताना खाते बंद करण्याला म्हणूनच जास्त महत्त्व. रजिस्टरमध्ये लॉगआऊटची वेळ लिहिली जाते, तेव्हा पडद्यावरही लॉगआऊट झाले की नाही, हे चालकाने पाहावे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख कपटाने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. लोकांची माहिती हाताळणाऱ्याने तिच्या रक्षणाचे वाजवी उपाय केले पाहिजेत, हे त्याचे सूत्र. दोन मिनिटांचे कुलूप हा त्यातला बिनपैशाचा उपाय आहे.

खुर्चीच्या दोन्ही बाजूंना

केंद्रचालकांनी आज संध्याकाळी केंद्र बंद करण्यापूर्वी चार कामे करावीत. सेव्हरच्या चौकटीत जाऊन दोन मिनिटांचा आकडा घालावा आणि पासवर्डच्या चौकोनात खूण करावी. पडदा बंद होण्याचा आकडा त्याहून मोठा आहे ना, ते पाहावे. ‘फोटोज’ सेव्हर लावला असेल तर त्याचे फोल्डर बदलावे. पिक्चर्स आणि डाऊनलोड्समध्ये साचलेले लोकांचे कागद काढून टाकावेत. या सगळ्याला अर्धा तास लागेल.

आणि खुर्चीच्या पलीकडे बसणाऱ्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनी, काम संपल्यावर उठायची घाई करू नये. ज्या ज्या खात्यात गेलो त्यातून ‘लॉगआऊट’ करावे. चालकाला सांगून आपले स्कॅन आपल्यासमोर पुसून घ्यावेत; असे सांगण्यात कोणाचा अपमान नाही, तो आपला हक्क आहे. घरी गेल्यावर व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी संगणक दिसला तर तो तिथूनच काढावा. पैसे गेल्याचे कळले तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करावा. पडदा काळा झाला म्हणून उठू नका. आपले नाव त्या पडद्यावरून गेले, हे डोळ्यांनी पाहा आणि मगच जागा सोडा.